जमेकाच्या पाहुण्याचें ताट

हिंवाळा सुरू झाला, कीं उत्तर अमेरिकेंतील व इंग्लंडमधील हजारों माणसें विश्रांतीसाठीं कॅरिबियन समुद्रांतील बेटांची वाट धरतात. जमेका हें त्यांपैकींच एक बेट. पाहुणा तेथें जातो तो ऊन, वाळू आणि निळें पाणी यांच्या ओढीनें. परंतु घरीं परतल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना जें तो रंगवून सांगतो, तें बहुधा जेवणाचें असतें. सकाळच्या न्याहारीला ‘अॅकी’ नांवाच्या फळाची भाजी आणि तींत घातलेला खारा मासा. दुपारीं रस्त्याच्या कडेला धुरावर भाजलेलें झणझणीत ‘जर्क’ मांस आणि सोबत निखाऱ्यांत भाजलेला नीरफणस. रात्रीं बोकडाच्या मांसाची करी आणि भात. उपाहारगृह उंची असो वा साधें, हे पदार्थ त्याच्यापुढें येतात, आणि आठवणींत राहतात तेहि हेच.

या ताटाचें एक वैशिष्ट्य मात्र पाहुण्याच्या ध्यानांत सहसा येत नाहीं. त्यांतला एकहि पदार्थ पाहुण्यासाठीं जन्माला आलेला नाहीं. एक गुलामांच्या शिध्यांतून आला, दुसरा रानांत दडलेल्या फरारी लोकांच्या शेकोटीवरून आला, तर तिसरा हिंदुस्थानांतून गेलेल्या करारबद्ध मजुरांच्या झोपडींतून. जमेकाच्या हॉटेलांतील मेजावर त्यांना सन्मानाची जागा मिळण्यास फार काळ लागला. आणि तो काळ कसा गेला, हें पाहिलें म्हणजे त्या ताटाची चव कांहींशी बदलते.

इंग्रजांनीं हें बेट स्पेनपासून १६५५ सालीं हिसकावून घेतलें. पुढें अठराव्या शतकांत तेथें उसाचें राज्य झालें. चांगली म्हणून जेवढी जमीन होती ती मळेवाल्यांनीं उसाखालीं आणली, आणि आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांकडून ती कसवून घेतली. साखरेच्या जमिनींत धान्य पिकविण्यापेक्षां तें बाहेरून आणणें त्यांच्या हिशेबानें स्वस्त पडे. न्यू इंग्लंड आणि न्यू फाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड मासा विपुल मिळत असे. तो खारवून वाळविल्यावर त्याची प्रतवारी होई. उत्तम माल स्पेन-पोर्तुगालकडे जाई. मोडका, फाटका, नीट न वाळलेला असा जो उरे, तो वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठीं जहाजांत भरत. व्यापाऱ्यांच्या बोलींत त्याचें नांवच ‘टाकाऊ मासा’ असें होतें. परत येतांना त्याच जहाजांतून काकवी आणि रम यांचीं पिंपें येत. पावसाळ्यासाठीं खारा बांगडा सांठवून ठेवणाऱ्या कोंकणी गृहिणीला खाऱ्या माशाचें महत्त्व सांगावयास नको; परंतु तो आपण होऊन खारविणें वेगळें आणि दुसऱ्यानें टाकून दिलेला आठवड्याच्या मापानें पदरांत पडणें वेगळें.

या शिध्यावर कोणाचें पोट भरत नसे. म्हणून मळेवाल्यांनीं डोंगराच्या उतारावरील, उसाला निरुपयोगी अशी जमीन गुलामांना भाजीपाल्यासाठीं तोडून दिली. रविवारीं, सुटीच्या दिवशीं, तेथें राबून त्यांनीं याम नांवाचा कोनफळासारखा कंद, केळीं, रताळीं, मिरच्या असें पीक काढावें, त्यावर आपलें पोट भरावें आणि उरलेलें बाजारांत विकावें, असा प्रघात पडला. जमेकाची आजची पाकशाला या उतारावरच्या वाफ्यांत जन्मली असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

अॅकी हें झाड मूळचें पश्चिम आफ्रिकेचें. अठराव्या शतकांत तें जमेकांत आलें. फळ बाहेरून लालभडक. पिकलें कीं झाडावरच तें तीन फांकींनीं उकलतें आणि आंतले काळेभोर तुळतुळीत बी व त्याखालचा सायीच्या रंगाचा गर दिसूं लागतो. फळानें अशी आपण होऊन ‘जांभई’ दिल्याशिवाय तें कोणीं तोडूं नये, असा दंडक आहे. कारण कच्च्या अॅकींत विष असतें आणि तें खाऊन माणसें दगावल्याचीं उदाहरणें आहेत. याच भीतीमुळें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं १९७३ सालीं या फळाची आयात बंद केली होती. २००० सालापासून ठराविक कारखान्यांच्या डबाबंद मालाला परवानगी मिळाली. बी व तांबूस शीर काढून गर उकडावयाचा. खारा मासा रात्रभर भिजत घालून व उकळून त्याचा खारटपणा उतरवावयाचा. मग कांदा, टोमॅटो, मिरीपूड आणि ‘स्कॉच बॉनेट’ नांवाची तिखटजाळ मिरची परतून त्यांत दोन्ही सोडावयाचीं. दिसावयास हा पदार्थ अंड्याच्या भुर्जीसारखा दिसतो. गुलामांच्या मडक्यांत एकत्र आलेली ही जोडी आज जमेकाचें राष्ट्रीय अन्न म्हणून मानली जाते.

परंतु बाहेरून येणाऱ्या अन्नावर विसंबून राहणारा देश एका युद्धानें उपाशी पडतो. अमेरिकन वसाहतींनीं इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचललें, तेव्हां तिकडून येणारा मासा व धान्य थांबलें. आणि १७८० पासून तुफानी वादळांनीं जमेकाला एकामागून एक तडाखे दिले. त्यांत केळींचे बाग आणि कंदांचे वाफे जमीनदोस्त झाले. १७८० ते १७८७ या काळांत भुकेनें आणि तज्जन्य रोगांनीं सुमारें १५,००० गुलाम मेले, असा आंकडा बेटाच्या विधिमंडळानेंच नमूद केला आहे. मळेवाल्यांना या आंकड्यांत माणसें दिसलीं कीं बुडालेलें भांडवल दिसलें, हें वाचकानें ठरवावें.

या भुकेवर तोडगा म्हणून मळेवाल्यांनीं मागणी केली ती नीरफणसाची. दक्षिण समुद्रांतील ताहिती बेटावर या झाडाखालीं लोक बिनकष्टानें जगतात, असें दर्यावर्दींनीं सांगितलें होतें. त्याचीं रोपें आणण्यासाठीं कप्तान विल्यम ब्लाय १७८७ सालीं ‘बाउंटी’ जहाज घेऊन निघाला. परततांना १७८९ च्या एप्रिलमध्यें खलाशांनीं बंड करून त्याला एका लहान होडींत सोडून दिलें आणि हजारावर रोपें समुद्रांत फेकलीं. त्या बंडाची कथा जगभर गाजली. नीरफणसाची कथा मागें पडली. ब्लाय मात्र जिद्दीचा. १७९१ सालीं ‘प्रॉव्हिडन्स’ जहाजावरून तो पुन्हां गेला, आणि १७९३ च्या आरंभीं सेंट व्हिन्सेंट बेटावर व पुढें फेब्रुवारींत जमेकाच्या पोर्ट रॉयल बंदरांत जिवंत रोपें घेऊन उतरला. विधिमंडळानें त्याला मोठें इनाम दिलें. झाडें वाढलीं, फळांनीं लगडलीं. आणि ज्यांच्यासाठीं एवढा खटाटोप केला त्या गुलामांनीं तें फळ बेचव म्हणून डुकरांपुढें टाकलें! त्यांना आपलीं केळीं आणि याम प्रिय होते. मालकानें ठरविलेलें अन्न स्वीकारण्यास त्यांच्या पुढील पिढ्यांना बराच अवधि लागला. कोंकणांत आणि गोव्यांत ज्या नीरफणसाचे काप आवडीनें तळले जातात, त्याच फळाची ही गोष्ट आहे. गमतीचा भाग असा, कीं वनस्पतिशास्त्रज्ञांनीं ब्लायचें नांव दिलें तें नीरफणसाला नव्हे, तर अॅकीला. म्हणजे जें फळ गुलामांनीं त्याच्या मदतीवांचून आधींच आपलेंसें केलें होतें त्याला.

दुपारच्या जर्क मांसाचा इतिहास याहून निराळा आहे. इंग्रज आले तेव्हां स्पॅनिश लोकांचे गुलाम डोंगरांत पळून गेले. पुढें इंग्रजांच्या मळ्यांतून पळालेले त्यांना मिळाले. या लोकांना ‘मरून’ म्हणत. रानडुकराची शिकार करून, मांसाला मीठ, मिरची व पिमेंटोचे दाणे चोळून, त्याच पिमेंटोच्या ओल्या लांकडांवर तें मंद धुरांत भाजण्याची त्यांची रीत होती. लवंग, दालचिनी आणि जायफळ यांचा गंध एकाच दाण्यांत सांठवावा असें हें झाड आहे. असें मांस दिवसेंदिवस टिके. आणि सैन्य मागावर असतां टिकाऊ अन्नासारखा दुसरा मित्र नाहीं. इंग्रजांना मरूनांचा पाडाव करतां आला नाहीं. अखेर १७३९ सालीं कुडजो या त्यांच्या नायकाशीं तह झाला. त्या तहांत डुकराच्या शिकारीचें कलम आहे: वस्तीपासून तीन मैलांपलीकडे मरूनांनीं हवी तेथें शिकार करावी, आणि दोन्ही पक्षांचे शिकारी एकत्र आल्यास डुकरें निम्मीं निम्मीं वांटून घ्यावींत. त्याच तहानें पळून येणाऱ्या नव्या गुलामांना परत करण्याचें बंधनहि मरूनांवर घातलें. त्या स्वातंत्र्याची किंमत अशी दुसऱ्यांच्या गुलामगिरींत मोजली गेली.

जर्क मांस मालकांच्या मेजावर क्वचित् येई. गव्हर्नर नजेंट यांच्या पत्नी मरिया यांनीं आपल्या रोजनिशींत १८०२ सालच्या एका मेजवानीचें वर्णन केलें आहे. पहिली पंगत सारी माशांची, आणि मधोमध मरूनांच्या पद्धतीनें भाजलेलें डुकराचें मांस. गोऱ्या मळेवाल्यांच्या अतोनात खाण्यापिण्याचें बाईंना नवल वाटे. तें मांस मेजावर होतें खरें, पण नवलाईची वस्तु म्हणून.

गुलामगिरी कायद्यानें १८३४ सालीं संपली आणि उमेदवारीचें बंधन १८३८ च्या ऑगस्टमध्यें सुटलें. मोकळे झालेले लोक मळे सोडून डोंगरांत स्वतःच्या शेतीकडे वळूं लागले, तेव्हां मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे पाहिलें. १० मे १८४५ रोजीं ओल्ड हार्बर उपसागरांत पहिलें जहाज लागलें; त्यांत सुमारें २६० हिंदी मजूर होते. पुढील सत्तर वर्षांत सुमारें ३६ हजार आले. ते बहुतेक कलकत्त्याहून चढलेले, भोजपुरी बोलणारे. मराठी मुलखाचा त्यांच्याशीं संबंध थोडा. त्यांनीं नेलेल्या मसाल्यांत जमेकानें आपला पिमेंटो आणि आपली मिरची मिसळली आणि बोकडाची करी तयार झाली. आज हिंदी रक्ताचा लवलेश नसलेल्या घरींहि लग्न, उत्तरक्रिया, नाच-गाणें यांपैकीं कोणताहि प्रसंग तिच्यावांचून साजरा होत नाहीं. तेथील स्वयंपाकीण तापल्या तेलांत मसाला घालते, त्याला ती ‘करी जाळणें’ म्हणते. महाराष्ट्रांतील कोणाहि स्त्रीला त्या वासावरून कळेल, कीं ही फोडणीच. जेवणानंतर मोसमांत आंबा येतो. आंबा जमेकांत १७८२ सालींच आला, एका पकडलेल्या फ्रेंच जहाजावरून. पण तेथल्या एका लाडक्या जातीचें नांव आहे ‘बाँबे’. मधोमध गोल चीर देऊन दोन्ही अर्ध पिळले, कीं कोय सुटते आणि वाटीसारख्या अर्धांतून चमच्यानें रस खातां येतो.

आतां पाहुण्यांकडे वळावें. एकोणिसाव्या शतकांत किंग्स्टन शहरीं परक्यांना उतरण्याची सोय मुख्यतः मिश्रवर्णी स्त्रियांच्या खानावळींतून होई. क्रिमियन युद्धांत सैनिकांची शुश्रूषा करून कीर्ति मिळविलेल्या मेरी सीकोल यांची आई अशीच एक खानावळ चालवी. आजारी इंग्रज अधिकारी तिच्या औषधांसाठीं आणि जेवणासाठीं तेथें राहत. पुढें केळ्यांच्या व्यापारानें चित्र पालटलें. १८७० नंतर लोरेन्झो डाऊ बेकर या अमेरिकन कप्तानानें जमेकाचीं केळीं बोस्टनला नेण्याचा धंदा उभारला. आणि केळीं घेण्यास येणारीं जहाजें रिकामीं कशाला आणावीं, म्हणून त्यांतून उतारू आणण्यास आरंभ झाला. पोर्ट अँटोनियो येथें टिचफील्ड हॉटेल याच व्यापारांतून उभें राहिलें. १८९१ सालच्या मोठ्या प्रदर्शनासाठीं सरकारनें हॉटेलें बांधण्यास उत्तेजन देणारा कायदा केला. गिऱ्हाईक इंग्लंड-अमेरिकेचें, सबब वाढप इंग्लंड-अमेरिकेच्या धर्तीचें. स्वयंपाकी जमेकन, पण त्याच्या घरचें जेवण मुदपाकखान्याच्या मागील दारीं राही. समुद्रपर्यटनास आलेल्या माणसाला अशा हॉटेलांत जमेका चाखावयास मिळे तो फळांपुरता.

आणि जेथें अन्नाला मज्जाव, तेथें माणसालाहि असावा यांत नवल नाहीं. किंग्स्टनच्या मर्टल बँक हॉटेलांत कृष्णवर्णीयांनीं पोहण्याच्या हौदांत उतरूं नये, असा अलिखित नियम होता. १९४८ सालीं ईव्हन ब्लेक या जमेकन पत्रकारानें भर दिवसा त्या हौदांत उडी घेतली. पाण्यांतील गोरे पाहुणे भराभर बाहेर पडले. हौदांत तो एकटा पोहत राहिला.

६ ऑगस्ट १९६२ रोजीं जमेका स्वतंत्र झालें. अॅकी राष्ट्राचें फळ ठरलें, आणि मागील दारचें जेवण हळूहळू पुढील दालनांत आलें. अजूनहि पुष्कळ पाहुणे एकदांच सारे पैसे भरून हॉटेलच्या कुंपणाआड आठवडा काढतात आणि तेथें मांडलेल्या पंचवीस पदार्थांतून जमेकन पदार्थ चिमूटभर चाखतात. त्यांच्याविषयीं हळहळण्यापलीकडे कांहीं करतां येत नाहीं. खारा मासा आजहि बाहेरूनच येतो, नॉर्वे आणि कॅनडा येथून. पण टाकाऊ म्हणून आलेला हा मासा आतां इतका महागला आहे, कीं तेथील गरिबाला तो रोजच्या न्याहारीस सहजीं परवडत नाहीं.

बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, मरूनांच्या डोंगरांच्या पायथ्याशीं, बोस्टन नांवाचा लहानसा उपसागर आहे. तेथें रस्त्याकांठीं जर्क मांसाचीं दुकानें आहेत. पिमेंटोच्या लांकडांवर मांस भाजत असतें, वर झांकण, आणि सारी वाट धुरानें भरलेली. विकणारा कोयत्यानें तुकडे करतो, वजन करून कागदांत बांधून देतो, आणि गोड पिठाचे तळलेले मुटके किंवा भाजलेला नीरफणस वर ठेवतो. परका माणूस दिसला, तर तिखट सोसेल काय, एवढें मात्र आधीं विचारून घेतो.