अन्ननलिका-जठरसंधीचा वाढलेला कर्करोग : शस्त्रक्रिया आणि आयुर्मर्यादा

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील शिरूर व पुणे-सोलापूर लोहमार्गावरील दौंड येथील कर्करोग्यांस मुंबईत विशेष रुग्णालय उपलब्ध झाले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९३८ मध्ये, शिकागोच्या अॅडम्स व फेमिस्टर यांनी छाती उघडून अन्ननलिकेचा खालचा भाग काढला आणि उरलेली नलिका जठरास जोडली. संधिस्थानाचा कर्करोग कापून काढणे अशा रीतीने शक्य झाले. परंतु जे शक्य ते कितपत हितकर, हे कळण्यास अनेक दशके लागली.

जठर, संधिस्थान व अन्ननलिकेचा खालचा भाग यांच्या, कापून काढण्याजोग्या कर्करोगावरील ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ शस्त्रक्रिया योजलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के, तर तिच्या आधी व नंतर रसायनोपचारही योजलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्ण पाच वर्षे जगले. याउलट, दूरच्या इंद्रियांत मर्यादित प्रमाणात पसरलेल्या रोगावरील जर्मन चाचणीत, २०२४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, रसायनोपचारास शस्त्रक्रियेची जोड दिल्याने एकंदर आयुष्य वाढले नाही.

शिरूर-दौंडकडील कुटुंब शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण टाकावयास निघते, तेव्हा रोग कोठवर पोहोचला आहे, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतरचा होय.