कंपनीतून तुमचाच डेटा लीक झाला तर? कर्मचाऱ्याने दाद कुठे मागायची?

फर्दापूरला अजिंठा लेण्यांजवळच्या एखाद्या लॉजवर कामाला लागा, नाहीतर पुण्यात हिंजवडीच्या आयटी कंपनीत. पहिल्या दिवशी मागितली जाणारी कागदपत्रं साधारण सारखीच असतात. आधारची झेरॉक्स, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दोन फोटो, मोबाइल नंबर. कंपनी मोठी असेल तर त्यात आरोग्य विम्याचा फॉर्म, जुन्या नोकरीची सॅलरी स्लिप आणि हजेरीच्या मशीनवरचा अंगठा यांची भर पडते. पुढे नोकरी सुटते, माणूस गावी परत येतो, पण त्याची फाइल तिथेच राहते.

ही फाइल चोरीला गेली तर काय करायचं, याचं सरळ उत्तर सहसा कुणी देत नाही. ग्राहकांचा डेटा लीक झाला की चर्चा होते. कर्मचाऱ्याचं प्रकरण मात्र जास्त अवघड असतं. ग्राहक ॲप काढून टाकू शकतो, नोकरीवर रुजू होणारा माणूस ‘मी पॅन देणार नाही’ असं म्हणू शकत नाही.

हे आपल्याकडे घडलंय का?

घडलंय. १४ ऑक्टोबर २०२२ ला मुंबईच्या टाटा पॉवरने शेअर बाजाराला कळवलं की, कंपनीच्या आयटी यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आहे. त्याच महिन्याच्या शेवटी ‘हाइव्ह’ नावाच्या खंडणीखोर टोळीने चोरलेला डेटा इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. त्यात कर्मचाऱ्यांचे आधार आणि पॅन क्रमांक, पत्ते, फोन नंबर आणि पगाराचे तपशील असल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इतर देशांच्या पोलिसांच्या मदतीने या टोळीची यंत्रणा बंद पाडली. पण एकदा बाहेर गेलेला पॅन नंबर परत आणता येत नाही.

दुसरं प्रकरण पुण्याचं. टाटा टेक्नॉलॉजीजने जानेवारी २०२५ च्या शेवटी रॅन्समवेअर हल्ल्याची माहिती शेअर बाजाराला दिली. मार्चमध्ये ‘हंटर्स इंटरनॅशनल’ या टोळीने त्याची जबाबदारी घेतली आणि नंतर फाइली टाकायला सुरुवात केली. त्यात आजी-माजी कर्मचाऱ्यांची वैयक्तिक माहिती असल्याचं बातम्यांत म्हटलं होतं. इथे ‘माजी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नोकरी सोडून पाच वर्षं झाली असली तरी तुम्ही या यादीत असू शकता.

आता यात एक विचित्र गोष्ट बघा. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिला गुंतवणूकदारांना कळवावं लागतं. २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावं लागतं. पण ज्याचा डेटा गेला त्या कर्मचाऱ्याला सांगण्याचं बंधन या नियमांत नव्हतं. त्याला बातमी कळणार ती पेपरातून किंवा जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून.

आज भरपाई मागता येते का?

येते. त्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३अ आहे. संवेदनशील वैयक्तिक माहिती सांभाळणाऱ्या संस्थेने सुरक्षेत निष्काळजीपणा केला आणि त्यामुळे कुणाचं नुकसान झालं, तर तिने भरपाई द्यावी, असं हे कलम सांगतं. संस्था म्हणजे फक्त मोठी कंपनी नव्हे. भागीदारी पेढी आणि एकट्या मालकाचा धंदाही यात येतो. म्हणजे कामगारांच्या बँक खात्यांची यादी उघड्या कॉम्प्युटरवर ठेवणारा लॉजमालकसुद्धा या कलमातून सुटत नाही.

मेख आहे ती ‘संवेदनशील’ या शब्दात. २०११ च्या नियमांनी त्याची यादी दिली आहे. पासवर्ड, बँक खातं किंवा कार्डासारखी आर्थिक माहिती, आरोग्याची स्थिती आणि वैद्यकीय नोंदी, लैंगिक कल, बोटांच्या ठशांसारखी बायोमेट्रिक माहिती. नाव, पत्ता, मोबाइल नंबर यात नाहीत. आधार आणि पॅन क्रमांकांचाही या यादीत नावानिशी उल्लेख नाही! त्यामुळे अर्ज लिहिताना ‘माझा आधार लीक झाला’ एवढ्यावर थांबू नका. त्याच फाइलमधलं बँक खातं, विम्याच्या फॉर्ममधला आजार, हजेरीचा ठसा, यातलं काय बाहेर गेलं ते स्पष्ट लिहा.

दुसरी अडचण नुकसानीची. डेटा गेला, झोप उडाली, एवढ्यावर हे कलम भागत नाही. खात्यातून पैसे गेले, नावावर बनावट कर्ज निघालं, असं काहीतरी दाखवावं लागतं आणि त्याचा या लीकशी संबंधही जोडावा लागतो. कर्मचाऱ्यासाठी सगळ्यात कठीण पायरी हीच आहे, कारण आपला तोच नंबर आणखी दहा ठिकाणी दिलेला असतो. एक गोष्ट मात्र बाजूची आहे. आपण सुरक्षेचे ठरलेले उपाय राबवले होते, हे विचारणा झाल्यावर कंपनीने दाखवायचं असतं. ती बहुधा आयएसओ २७००१ चं प्रमाणपत्र पुढे करते. ते भिंतीवर टांगलेलं होतं की प्रत्यक्षात पाळलं जात होतं, हा प्रश्न आपण विचारायचा.

हा दावा दिवाणी कोर्टात चालत नाही. ५ कोटी रुपयांपर्यंतचे दावे ॲज्युडिकेटिंग ऑफिसरकडे जातात. हे काम राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असतं, म्हणजे महाराष्ट्रात मंत्रालयात. कुठल्या राज्यात अर्ज करायचा हे संगणक यंत्रणा कुठे आहे त्यावर ठरतं. नोकरी बंगळुरूला केली असेल तर फर्दापूरला राहत असूनही अर्ज कर्नाटकात करावा लागू शकतो. अर्ज साध्या कागदावर, ठरलेल्या नमुन्यात. त्याची फी ५० रुपये, शिवाय मागितलेल्या भरपाईनुसार वेगळी फी. ५० हजार मागितले तर ३,००० रुपये, २ लाख मागितले तर ७,०००. शक्यतो चार महिन्यांत आणि जास्तीत जास्त सहा महिन्यांत निकाल लागावा, असं नियम म्हणतात. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत दिल्लीच्या टीडीसॅट या न्यायाधिकरणात अपील करता येतं.

या मार्गाने पैसे मिळाल्याचं ठळक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे, फक्त ते कर्मचाऱ्याचं नाही. पुण्याच्या पूना ऑटो ॲन्सिलरीज या कंपनीच्या खात्यातून फिशिंगद्वारे ८० लाखांहून अधिक रक्कम वळवली गेली होती. २०१३ मध्ये तेव्हाचे आयटी सचिव राजेश अग्रवाल यांनी पंजाब नॅशनल बँकेला ४५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पूर्ण रक्कम मिळाली नाही, कारण तक्रारदाराने फसव्या ईमेलला उत्तर दिलं होतं. म्हणजे लीकनंतर आलेल्या फोनवर तुम्ही स्वतः ओटीपी सांगितला असेल, तर तुमचा दावाही तेवढा हलका होऊ शकतो.

नव्या कायद्याने काय बदलेल?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. त्या अधिसूचनेनुसार मुख्य तरतुदी १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यानंतर डेटा फुटला की प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवणं बंधनकारक असेल. काय गेलं, परिणाम काय होऊ शकतात, आता काय करावं, हे सोप्या भाषेत सांगावं लागेल. डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावी लागेल. सुरक्षेत कसूर केली तर दंड २५० कोटींपर्यंत, कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. ‘संवेदनशील’ची ती तोकडी यादीही इथे नाही. आधार, पॅन, मोबाइल नंबर सगळं यात येतं.

ऐकायला भारी वाटतं. पण हा दंड सरकारच्या तिजोरीत, भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्याच्या नावावर बनावट कर्ज निघालं त्याला त्यातला एक रुपया देण्याची तरतूद नाही. आणि ज्या दिवशी या तरतुदी लागू होतील, त्याच दिवशी भरपाई देणारं जुनं कलम ४३अ रद्द होईल. खरं सांगायचं तर कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा आहे.

मग त्याआधी झालेल्या लीकचं काय? कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली आधीच निर्माण झालेला हक्क आपोआप संपत नाही, हे जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम ६ चं तत्त्व आहे. तरीही ज्यांचं नुकसान आजच झालंय, त्यांनी २०२७ ची वाट बघत बसू नये.

मंडळाकडे जाण्याआधी कंपनीच्या तक्रार यंत्रणेकडे जावं लागेल, आणि उत्तर देण्यासाठी कंपनीला ९० दिवसांपर्यंत मुदत असेल. नोकरीच्या कामासाठी डेटा वापरायला कंपनीला तुमची वेगळी संमतीही लागणार नाही. मात्र तो सांभाळण्याची जबाबदारी तिच्यावरच राहते.

पोलिसांकडे कधी जायचं?

हॅकरविरुद्ध किंवा आतल्या माणसाविरुद्ध. एचआरमधल्या कुणी यादी विकली असेल तर कलम ७२अ लागू शकतं, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुमची ओळख वापरून कुणी सिम किंवा कर्ज घेतलं तर ६६क. तक्रार फर्दापूर पोलीस ठाण्यात दिली तरी चालते. कंपनी पुण्यात आहे म्हणून परत पाठवता येत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं. माहिती ऑनलाइनही देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो, त्यामुळे प्रकरण सायबर ठाण्याकडे गेलं तर टोलवाटोलवी समजू नका.

आतल्या माणसाने केलेल्या चोरीला कंपनी जबाबदार का, हा प्रश्न ब्रिटनमध्ये गाजला. मॉरिसन्स या सुपरमार्केटच्या लेखापरीक्षकाने २०१४ मध्ये जवळपास १ लाख कर्मचाऱ्यांच्या पगाराचा डेटा इंटरनेटवर टाकला. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. ९ हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांनी कंपनीवर दावा केला, पण १ एप्रिल २०२० ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं नाही. उलट अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यूपीएमसी या रुग्णालय समूहाच्या ६२ हजार कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात सांगितलं की, डेटा मागणाऱ्या मालकाने तो सांभाळलाच पाहिजे.

सरकारी नोकरीत असाल, तर आणखी एक दार उघडं आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टास्वामी प्रकरणात मान्य केलंय, त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका करता येते. ग्राहक मंचात मात्र जाऊ नका. कर्मचारी हा कंपनीचा ग्राहक नसतो.

बातमी कळल्यावर पहिल्या आठवड्यात

सगळ्यात आधी कंपनीला ईमेल करा. माजी कर्मचारी असलात तरी. माझी कोणती माहिती तुमच्याकडे होती, त्यातली कोणती गेली, कधी गेली, तुम्ही काय पावलं उचलली, एवढे चार प्रश्न पुरे. ईमेल तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा. २०११ च्या नियमांनुसार त्याचं नाव वेबसाइटवर असायला हवं आणि त्याने एका महिन्यात तक्रार निकाली काढायला हवी. उत्तर आलं नाही, तर ते न येणंही पुढे तुमचा पुरावा होतो. कंपनीच्या ईमेलवर नाही, स्वतःच्या ईमेलवरून पाठवा. नोकरी गेली की ऑफिसचा इनबॉक्सही जातो.

सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो आज काढा आणि तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या कंपनीकडून काढा. अनोळखी कर्ज दिसलं तर लेखी हरकत घ्या. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा.

खात्यातून पैसे गेलेच, तर आधी १९३० ला फोन आणि लगेच बँकेला लेखी तक्रार. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर बँकेकडून व्यवहाराची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भुर्दंड येत नाही. चौथ्या दिवसापासून तो येऊ शकतो. तक्रारीचा क्रमांक आणि बँकेची पोच जपून ठेवा. मंत्रालयात अर्ज करायची वेळ आली, तर नुकसान झाल्याचा पुरावा म्हणून हेच कागद लागतील.