खांद्यावरचं मेंढरू

मेंढरू खांद्यावर घ्यायचं तर त्याचे पाय छातीशी घट्ट धरावे लागतात. त्याचं पोट आपल्या मानेला टेकतं, धापा कानाशी ऐकू येतात. पुरतं वाढलेलं दख्खनी मेंढरू तीस किलोंच्या घरात भरतं, त्यामुळे धनगर उगाच कुणाला उचलत नाही. उचलतो ते लंगडं, दमलेलं नाहीतर चुकलेलं. आणि एका वेळी एकच.

लूकच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात ठेवून हरवलेल्या एकाला शोधतो आणि खांद्यावर घालून आणतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो आपल्या मेंढरांना नावानं हाक मारतो. देव मला, एकट्याला, ओळखतो ही ख्रिस्ती माणसाची सर्वांत जवळची श्रद्धा. तिचं चित्र मात्र ख्रिस्ताहून कितीतरी जुनं आहे.

अथेन्सच्या अक्रोपोलिसवर सापडलेला एक संगमरवरी पुरुष इ.स.पू. ५६० च्या सुमाराचा आहे. मानेवर वासरू, त्याचे पाय छातीवर धरलेले. ते वासरू देवीला अर्पण करायला निघालंय. ग्रीसमधल्या तानाग्रा गावी सांगत, की हर्मीस देवानं खांद्यावर एडका घेऊन तटाभोवती फेरी घातली आणि साथ हटली. म्हणून तिथल्या सणाला गावातला सर्वांत देखणा तरुण कोकरू खांद्यावर घेऊन तशीच फेरी घाली.

ख्रिस्ती चित्रकारांनी ही ठेवण जशीच्या तशी उचलली. बदलली ती वाट. बळीच्या वेदीकडे निघालेलं जनावर आता घरी परतू लागलं. मला या एका बदलात सगळं शुभवर्तमान दिसतं.

युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपस गावात ख्रिस्ती मंडळींनी एका घराचं प्रार्थनास्थळ केलं होतं. तिथे बाप्तिस्म्याच्या कुंडामागे, २४० च्या सुमारास, कुणीतरी हा मेंढपाळ रंगवला. समोर कळप, खांद्यावर एक मेंढरू. नवा माणूस पाण्यात उतरायला यायचा तेव्हा नजरेसमोर हेच. पुढे इराणचं ससानी सैन्य चालून आलं. तट भक्कम करायला रोमन शिपायांनी लगतची घरं मातीनं बुजवली, त्यात हेही घर गाडलं गेलं. २५६ च्या सुमारास गाव पडलं आणि उजाड झालं. चित्र मात्र त्या मातीनंच राखलं.

रोमन साम्राज्य ख्रिस्ती झाल्यावर मेंढपाळाचा थाट वाढला. इटलीतल्या रावेन्नाच्या पाचव्या शतकातल्या मोझेइकमध्ये तो सोनेरी झगा घालून बसलाय आणि खांदा रिकामा आहे. तरी त्याचा एक हात जवळच्या मेंढराच्या तोंडाशी गेलेला आहे. तेवढी जुनी सवय सुटलेली नाही.

आणि मग सतरावं शतक, गोवा. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती घडवू नयेत असे ठराव सोळाव्या शतकातच तिथल्या धर्मसभेत झाले होते, तरी त्यांच्या हातांवाचून काम अडत होतं. गोव्याच्या हस्तिदंती कामात मेंढपाळ लहान मूल झाला. डोंगराच्या टोकावर पाय दुमडून बसलेला, डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं गालाला. ध्यानस्थ बुद्ध आणि गुराखी कृष्ण, दोघांचीही आठवण व्हावी असा. खाली झरा, त्यावर पाणी पिणारी मेंढरं, अगदी तळाच्या गुहेत येशूची पश्चात्तापी शिष्या मग्दालिया. अशा मूर्ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत, वीतभर उंचीच्या.

मूल झोपलंय. खांद्यावर कोकरू आहेच. दुसरं मांडीवर, आणि झोपेतही डावा हात त्याच्यावर आहे.