प्रबळमाचीवर दोघांचा मुक्काम

पनवेलच्या पूर्वेस, माथेरानच्या डोंगररांगेलगत प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतीण दुर्गाचा सुळका उभा आहे. शिवकालापूर्वी प्रबळगड मुरंजन या नावाने ओळखला जाई. १६६५च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत त्याचा समावेश होता. या दोन शिखरांखालच्या सपाटीवर प्रबळमाची ही ठाकर आदिवासींची वस्ती आहे. मुंबईजवळ असूनही येथे गाडी येत नाही. त्यामुळे शहराच्या गजबजाटापासून दूर, तंबूत एक रात्र काढू इच्छिणारी जोडपी माचीची निवड करतात. मात्र दोघांच्याच मुक्कामाचे काही वेगळे धोके आहेत आणि ते आधी समजून घ्यायला हवेत.

कसे जावे?

पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने शेडुंगमार्गे ठाकूरवाडी गाठावी. वाहन येथपर्यंतच जाते. पुढे माचीपर्यंत साधारण दीड ते दोन तासांची चढण आहे. अंधारात चढणे टाळावे व दुपारी लवकर निघून सूर्यास्तापूर्वी माचीवर पोहोचावे. कलावंतीणचा माथा सुमारे २२५० फूट उंच आहे. तेथे नेणाऱ्या, कातळात खोदलेल्या उंच पायऱ्यांना कठडा नाही. त्यामुळे ही चढाई दुसऱ्या दिवशी सकाळी, सामान माचीवर ठेवूनच करावी.

काय न्यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्चनंतर चढणीवर सावली उरत नाही आणि पाण्याची टंचाई भासू लागते. गावकऱ्यांच्या तुटपुंज्या पाण्यावर भार पडू नये, म्हणून प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी सोबत असावे. विजेरी प्रत्येकाची स्वतंत्र हवी. एकच विजेरी दोघांत असल्यास ती बंद पडताच दोघेही अंधारात सापडतात. औषधे, शिटी व थोडे पैसे यांचीही अशीच विभागणी करावी. तंबू कड्याच्या काठावर, दरडीखाली किंवा ओहोळाच्या पात्रात लावू नये. वाळलेल्या गवताला वणवा लागण्यास एक ठिणगी पुरते, तेव्हा शेकोटीचा मोह आवरावा. कचरा परत खाली आणावा.

दोघांचेच का अवघड?

चार-पाच जणांच्या गटात एकाला दुखापत झाली, तर कोणी त्याच्याजवळ थांबते व कोणी मदत आणायला जाते. दोघांच्या बाबतीत जखमीला एकटे सोडणे किंवा दोघांनीही अडकून पडणे, एवढेच पर्याय उरतात. कोकणच्या डोंगरात फुरसे व विंचू आढळतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध उपयुक्त ठरते, हे दाखवून दिले. मात्र त्यासाठी रुग्ण वेळेत डॉक्टरांपर्यंत पोहोचावा लागतो. रुग्णवाहिका ठाकूरवाडीपर्यंतच येणार. तेथवर रुग्णाला खांद्यावरूनच न्यावे लागते आणि ते एकट्या जोडीदाराच्या आवाक्याबाहेरचे आहे.

यावर उपाय साधा आहे. रानात एकाकी जागा शोधण्याऐवजी वस्तीतल्या एखाद्या घराच्या अंगणात, परवानगीने तंबू ठोकावा. जेवण त्याच घरी घ्यावे आणि सकाळी कोठे जाणार व केव्हा परतणार, हे त्या घरच्यांना सांगून ठेवावे. त्यांना चार पैसे मिळतात आणि तुमच्या दोघांत तिसरा माणूस येतो. घरी एखाद्या नातेवाइकालाही परतीची वेळ कळवावी, कारण मोबाइलची रेंज सर्वत्र मिळेल असे नाही. आणखी एक करार निघण्यापूर्वीच करावा : दोघांपैकी एकाने ‘आता पुरे’ म्हटले, की वाद न घालता मागे फिरायचे. कलावंतीणच्या पायऱ्यांवर या कराराची खरी कसोटी लागते.

पावसाळ्यात नकोच

१९ जुलै २०२३च्या रात्री याच परिसरातील इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि अनेक जण बेपत्ताच राहिले. तीही ठाकरांचीच वस्ती होती. डोंगर पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्यांनाही त्या रात्री सावध होण्यास वेळ मिळाला नाही. पावसाळ्यात तंबूचा बेत सरळ रद्द करावा. इतर दिवसांतही निघण्यापूर्वी प्रशासनाचे निर्बंध आहेत का, याची चौकशी करावी. डोंगर पुढच्या हिवाळ्यातही तेथेच असणार आहे.