दारफळणीचा सण

'किप्पुर' या इब्री शब्दास मराठींत 'प्रायश्चित्त' हा प्रतिशब्द देतात, व तो वाचकांस सहसा खटकत नाहीं. तथापि दोहोंत अंतर आहे. आपल्या धर्मशास्त्रांत ज्याचें पातक त्याचें प्रायश्चित्त; याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. यहुद्यांचा किप्पुर हा साऱ्या समाजाचा वर्षांतून एकदां येणारा दिवस, तिश्री महिन्याची दशमी. धातूचा मूळ अर्थ 'झांकणें' कीं 'पुसणें' याविषयीं पंडितांत मतभेद आहे. यरुशलेमचें मंदिर इ. स. ७० मध्यें पाडलें गेल्यावर बलिदान थांबलें. उपवास व प्रार्थना उरल्या. 'मिश्ना' ग्रंथ तर बजावतो कीं, माणसाचा अपराध केला असेल, तर त्याची समजूत घातल्यावांचून या दिवसानें त्या पापाचें क्षालन होत नाहीं.

कोंकणांतील बेने इस्राएल तेल गाळून पोट भरीत व शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. इब्री भाषा ते विसरले होते. 'शेमा'चे शब्द, सुंता, शनिवारची विश्रांति, आणि पंख व खवले असलेलेच मासे खाण्याचा नियम एवढें राहिलें होतें. किप्पुर हें नांवही गेलें. दिवस मात्र गेला नाहीं. त्यास ते 'दारफळणीचा सण' म्हणत. पांढरीं वस्त्रें नेसून, उपवास धरून, घराचीं दारें लावून बसावयाचें. परक्याशीं बोलावयाचें नाहीं. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशीं दानधर्म व आप्तेष्टांच्या गांठीभेटी. हयीम सॅम्युएल केहीमकर यांनीं हा वृत्तांत आपल्या इतिहासांत नोंदला. तो ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ सालीं, तेल अवीव येथें छापला गेला.

किप्पुरच्या अखेरच्या प्रार्थनेचें नांव 'नेइला', म्हणजे बंद करणें. मंदिराचीं, किंवा स्वर्गाचीं म्हणा, द्वारें मिटण्याची ती वेळ. तेव्हां दारफळणी हा नेइलेचाच अनुवाद असावा, असें म्हणण्याचा मोह होतो. मला तें पटत नाहीं. ज्यांस ती प्रार्थनाच ठाऊक नव्हती ते तिच्या नांवाचा अनुवाद कसा करतील? शिवाय नेइलेंत दार देवाचें, येथें माणसाचें. डोळ्यांना दिसणाऱ्या आचारावरूनच हें नांव पडलें असावें.

एकोणिसाव्या शतकांत जोसेफ इझिकेल राजपुरकरांनीं इब्री प्रार्थना मराठींत आणल्या. त्याआधींच, १७९६ मध्यें, सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनीं मुंबईस या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें होतें. त्याचें इब्री नांव 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचें द्वार. लोक मात्र त्यास आपले 'मशीद'च म्हणत.