बंदुकीची रिकामी पुंगळी सापडली तर घरी नेता येते का? कायदा काय सांगतो?

शेताच्या बांधावर, माळरानावर किंवा गोळीबार मैदानाच्या कडेला पितळेची छोटी, पोकळ नळी पडलेली दिसते. मुलं ती उचलतात आणि तिची शिट्टी करतात. कुणी किल्लीच्या जुडग्याला लावतं, कुणी भंगारात विकतं आणि हल्ली कुणी हातात धरून रीलही बनवतं. गोळी तर उडून गेली, आता उरलेल्या धातूत धोका कसला, असा यामागचा समज असतो.

पण हीच रिकामी पुंगळी पोलिसांच्या हिशोबात मोजली जाते, कोर्टात पुरावा म्हणून उभी राहते आणि विमानतळावर पर्समध्ये सापडली तर चौकशीला सामोरं जावं लागतं. असं का होतं, ते समजून घेऊया.

पुंगळी म्हणजे नेमकं काय?

आपण ज्याला सरसकट 'गोळी' म्हणतो ते खरं तर काडतूस असतं. त्याचे चार भाग असतात. पुढचं टोक म्हणजे प्रत्यक्ष गोळी. तिच्या मागे पितळी पुंगळी, पुंगळीत भरलेली दारू आणि सगळ्यात मागे बुडाला बसवलेली छोटी टोपी, म्हणजे प्रायमर.

घोडा दाबला की बंदुकीतली पिन प्रायमरवर आदळते. ठिणगी पडते, दारू पेटते आणि तयार झालेल्या वायूच्या दाबाने गोळी नळीतून बाहेर पडते. त्या क्षणी पुंगळी किंचित फुगून बंदुकीचा मागचा भाग बंद करते, त्यामुळे गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब ओसरला की ती पुन्हा आकसते आणि बंदूक तिला बाहेर फेकते. पितळ वापरण्याचं मुख्य कारण हेच आहे. पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं.

पुंगळीवरून बंदुकीचा अंदाजही येतो. इन्सास रायफलचं काडतूस ५.५६ x ४५ मिमी, एसएलआरचं ७.६२ x ५१ मिमी आणि एके-४७ चं ७.६२ x ३९ मिमी असतं. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा आणि दुसरा पुंगळीच्या लांबीचा. बुडावर कारखान्याची खूण आणि बहुतेकदा वर्षही कोरलेलं असतं. 'केएफ' म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा कारखाना, तर 'ओएफव्ही' म्हणजे जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा. हे दोन्ही कारखाने २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आहेत.

हिंगोलीशी याचा काय संबंध?

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला, पण या गावाचं बंदुकीशी नातं त्याहून बरंच जुनं आहे. निजामाच्या काळात इथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. शहरातली रिसाला, पलटण, तोफखाना ही नावं त्या छावणीची आठवण देतात. १९०३ मध्ये कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झालं. आज राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ हिंगोलीतच आहे.

राखीव पोलीस असोत की जिल्हा पोलीस, जवानांना ठरावीक काळाने गोळीबाराचा सराव करावा लागतो. सरावाच्या दिवसांत मैदानाच्या आसपास जाऊ नका, जनावरं सोडू नका, अशा सूचना गावांना दिल्या जातात. सराव संपला की जवान वाकून एकेक पुंगळी गोळा करताना दिसतात.

रिकाम्या पुंगळ्या मोजतात कशासाठी?

कारण पुंगळी ही गोळी झाडल्याची पावती असते. समजा, ५०० काडतुसं सरावाला दिली. सराव झाल्यावर ५०० पुंगळ्या किंवा पुंगळ्या आणि न झाडलेली काडतुसं मिळून ५०० चा हिशोब जुळला पाहिजे. तो जुळला नाही तर प्रश्न उभा राहतो, की गोळी खरंच झाडली की कागदावरच झाडली?

हा प्रश्न किती गंभीर असू शकतो, हे उत्तर प्रदेशातल्या रामपूरमध्ये दिसलं. सुरक्षा दलांच्या साठ्यातली काडतुसं आणि पुंगळ्या बाहेर विकणारं जाळं तिथे २०१० मध्ये उघड झालं. या खटल्यात २०२३ मध्ये २४ जणांना दोषी ठरवण्यात आलं. त्यांत पोलीस आणि केंद्रीय राखीव पोलीस दलाचे कर्मचारीही होते.

बाहेरून मिळालेली रिकामी पुंगळी अशा चोरीत उपयोगी पडते. एक जिवंत काडतूस बाजूला काढायचं आणि त्याजागी एक रिकामी पुंगळी जमा करायची, की हिशोब बरोबर. त्यामुळे मैदानावरून उचललेली पुंगळी 'टाकाऊ' नसते. ती दलाची मालमत्ता असते.

पुंगळी गुन्हेगाराला कशी पकडून देते?

गोळी झाडताना पुंगळीवर पिनेचा ठसा उमटतो. पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या भागांचे ओरखडेही पडतात. हे ठसे प्रत्येक बंदुकीगणिक थोडे वेगळे असतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तुलना-सूक्ष्मदर्शकाखाली दोन पुंगळ्या शेजारी ठेवून त्या एकाच बंदुकीतल्या आहेत का, हे तपासलं जातं.

एम. एम. कलबुर्गी (२०१५) आणि गौरी लंकेश (२०१७) यांच्या हत्यांत एकच ७.६५ मिमी पिस्तूल वापरलं गेलं, हा कर्नाटकातल्या तपासातला निष्कर्ष अशाच तुलनेतून आला. म्हणून घटनास्थळी दिसलेली पुंगळी 'आठवण' म्हणून उचलणं महागात पडू शकतं. पुरावा नाहीसा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ नुसार गुन्हा आहे.

मग पुंगळी जवळ बाळगणं गुन्हा आहे का?

शस्त्र अधिनियम, १९५९ मधल्या 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. त्यामुळे पुंगळी सापडल्यावर पोलीस चौकशी करू शकतात. मात्र याच कायद्याच्या कलम ४५ मध्ये एक सवलत आहे. दारूगोळ्याचा किरकोळ भाग इतर पूरक भागांसोबत वापरायचा हेतू नसेल, तर त्याला हा कायदा लागू होत नाही.

याशिवाय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात ताबा हा जाणीवपूर्वक असला पाहिजे, हे तत्त्व मांडलं. बॅगेत चुकून राहिलेल्या काडतुसांच्या प्रकरणांत या तत्त्वाचा आधार घेतला जातो.

सोप्या भाषेत सांगायचं तर एक जुनी, रिकामी पुंगळी घरात आहे म्हणून शिक्षा होईलच असं नाही. पण त्या एका पुंगळीपायी विमान चुकू शकतं, पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागू शकतो आणि कदाचित वकीलही गाठावा लागतो. ढीगभर पुंगळ्या जमवल्या असतील किंवा सोबत दारू, प्रायमर सापडले, तर प्रकरण पूर्ण बदलतं. परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा थेट गुन्हा आहे.

शिकारीतल्या आणि नेमबाजीतल्या पुंगळ्यांचं काय?

अमेरिकेत शिकारी आणि हौशी नेमबाज पुंगळ्या जमवून घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे हौसेची शिकार बंद आहे. रोही आणि रानडुकरं पिकांची नासाडी करतात, ही हिंगोलीतल्या शेतकऱ्यांची खरी अडचण आहे. पण बंदुकीचा परवाना असला तरी वनविभागाच्या परवानगीशिवाय त्यांना मारता येत नाही. म्हणून जंगलालगत ताजी पुंगळी दिसली तर ती अवैध शिकारीची खूण असू शकते. ती न उचलता वनविभागाला कळवणं योग्य.

खेळातली नेमबाजी कायदेशीर आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये (२०२४) ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्यात .२२ ची छोटी काडतुसं वापरतात. यांच्या पुंगळीची कडाच ठेचली जात असल्यामुळे ती सहसा पुन्हा भरता येत नाही. १० मीटर एअर रायफलमध्ये तर पुंगळीच नसते, हवेच्या दाबाने शिशाचा छर्रा सुटतो.

सगळ्यात मोठा धोका कोणता?

रिकामी समजून जिवंत वस्तू उचलणं. कधी प्रायमरवर पिन आदळते, पण काडतूस उडत नाही. अशा काडतुसाच्या बुडावर ठसा असतो आणि पुढे गोळीही तशीच असते. ते ठोकणं, कापणं किंवा चुलीत टाकणं जिवावर बेतू शकतं.

तोफगोळ्यांच्या मैदानांवर हा धोका कितीतरी पटीने वाढतो. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजमध्ये भंगारासाठी शिरलेल्या गावकऱ्यांचे स्फोटात जीव गेले आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावजवळ २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन ६ जणांचा मृत्यू झाला. तिथे तर हे काम अधिकृतपणे सुरू होतं. घरी हातोडी घेऊन बसलेल्या माणसाकडे कोणतीच सुरक्षा नसते.

पुंगळी दिसली तर काय करावं?

- हात लावू नका, लाथ मारू नका. मुलांना आणि जनावरांना लांब ठेवा.
- जागा लक्षात ठेवा. फोटो काढायचाच असेल तर लांबून काढा.
- ११२ वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.
- भंगारवाल्याला विकू नका. भंगाराचा व्यवसाय असेल तर अशा वस्तू विकत घेऊ नका.
- घरात जुनी पुंगळी किंवा काडतुसाचं किचेन असेल तर प्रवासाआधी बॅग तपासा.
- लग्नात, मिरवणुकीत झाडलेल्या गोळीचा व्हिडिओ 'भारी' म्हणून फिरवू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कुणाच्या जिवाला धोका होईल असा आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकणारा गुन्हा आहे.

इन्सासच्या एका रिकाम्या पुंगळीचं वजन साधारण ६ ग्रॅम भरतं. एक किलो पितळ जमवायला दीडशेहून जास्त पुंगळ्या वेचाव्या लागतात. त्यातली एक जरी जिवंत निघाली, तरी हाताची बोटं, डोळा किंवा जीव जाऊ शकतो.