उत्तररंगाविना पूर्वरंग

पाश्चात्त्य संगीतात ‘प्रेल्यूड’ म्हणजे मुख्य रचनेपूर्वी वाजवावयाची छोटी प्रस्तावना. कीर्तनात पूर्वरंगानंतर आख्यान यावे, त्याप्रमाणे बाखच्या सुप्रसिद्ध संग्रहात प्रत्येक प्रेल्यूडपाठोपाठ फ्यूग येतो. फ्रेडरिक शोपँने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या चोवीस प्रेल्यूडांमागून मात्र काहीच येत नाही. त्यांतील चौथा, ई मायनर पट्टीतील, अवघ्या २५ ‘बार’चा आहे, आणि त्याच्याइतकी भावविवरणे फार थोड्या रचनांच्या वाट्याला आली असतील.

१८३८-३९ च्या हिवाळ्यात क्षयाने जर्जर झालेला शोपँ लेखिका जॉर्ज सांद हिच्यासह माजोर्का बेटावरील व्हाल्देमोसाच्या ओस पडलेल्या मठात राहिला होता. संग्रह तेथेच पुरा होऊन जानेवारी १८३९ मध्ये पॅरिसला रवाना झाला. पाऊस, मठ आणि खोकला एवढे साहित्य हाती असल्यावर चरित्रकारांस आणखी काय हवे? परंतु सांदबाईंनीच आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे की, एका प्रेल्यूडात पावसाचे थेंब ऐकू येतात असे त्या म्हणताच शोपँ रागावला होता. असले अनुकरण त्याला बालिश वाटे. त्याने कोणत्याही प्रेल्यूडास नाव दिले नाही. पुढे हान्स फॉन ब्यूलो या पिआनोवादकाने या चौथ्यास ‘घुसमट’ असे नाव दिले.

नाव समर्पक आहे, हे आम्ही मान्य करतो. परंतु ती घुसमट मठातून आलेली नसून स्वरांच्या बांधणीतून आलेली आहे. उजवा हात एका स्वरावर थांबतो, अर्ध्या स्वराने वर जातो आणि पुन्हा तेथेच येतो. बाराव्या बारपर्यंत त्याची मजल अगदी थोडी, आणि तीही खालीच. डावा हात त्याच लयीत संवादी स्वरपुंज वाजवीत राहतो. पण त्यांतील कधी हा, कधी तो स्वर हळूच अर्ध्या पायरीने खाली सरकतो. वर सूर हलत नाही, खाली जमीन खचते आहे! सोळाव्या बारपासून एकदाच आवेग उसळतो, गती वाढते, आणि लगेच ओसरते. मग एक अनपेक्षित, अधांतरी स्वरपुंज. त्यावर निःशब्द विराम. आणि अतिमंद असे तीन अंतिम स्वरपुंज. विद्यार्थ्यांस ही रचना ऐकवताना आधी मठाची हकीकत सांगण्याची जी पद्धत पडली आहे, ती आम्हांस मान्य नाही. कान आधी त्या विरामापर्यंत पोहोचू द्यावा.

शोपँ १७ ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिस येथे निवर्तला. ३० ऑक्टोबरला माद्लेन चर्चमधील अंत्यविधीत मोत्सार्टच्या ‘रेक्विएम’बरोबरच हा प्रेल्यूडही वाजविला गेला, पण ऑर्गनवर. पिआनोवरचा स्वर उमटताक्षणीच विरू लागतो. ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. त्या दिवशी जमलेल्या मंडळींनी तो विरणारा सूर न विरता ऐकला.